ब्रेकवरचा पाय उचलण्याआधी

१३ मे २००१ रोजी ऑस्ट्रियाच्या ए-वन रिंगवर फॉर्म्युला वनची शर्यत सुटली, तेव्हा चार गाड्या जागेवरून हलल्याच नाहीत. मॅक्लारेनचा मिका हॅकिनेन, जॉर्डनचे यार्नो ट्रुली आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंट्झन, साउबरचा निक हाइडफेल्ड. हॅकिनेन तर दोन वेळचा जगज्जेता. मागून सुटलेले डावीउजवीकडून वाट काढत निघून गेले. दोनच आठवडे आधी, स्पेनच्या शर्यतीपासून, इलेक्ट्रॉनिक मदतीवरची बंदी उठली होती आणि लाँच कंट्रोल परत आलं होतं. स्पेनमध्ये डेव्हिड कूल्टहार्डची गाडी शर्यतीआधीच्या फेरीला निघतानाच बंद पडली. ऑस्ट्रियात तोच जिंकला.

हे मुद्दाम सांगतोय. गाडी जागेवरून सोडायची एवढंच काम करणारं सॉफ्टवेअर, ते लिहिणारे जगातले सगळ्यांत महागडे इंजिनिअर, आणि तरीही पहिले काही रविवार त्याने असे काढले. २००४च्या हंगामापासून फॉर्म्युला वनने लाँच कंट्रोल पुन्हा बंद केलं. आज तेच नाव असलेली गोष्ट आपल्याकडे रीमॅपच्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून देण्याच्या, पॅकेजमध्ये एक ओळ म्हणून मिळते. स्टेज वन, पॉप्स अँड बँग्स, लाँच कंट्रोल. पुढे किंमत.

पुण्याच्या आसपास हा विषय अगदी घरचा आहे. फोक्सवॅगनची पोलो चाकणला बनायची. आजच्या व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक तिथल्याच. ऑक्टाव्हिया शेंद्र्याला, म्हणजे औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) जुळायची. फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावची. छोटं टर्बो इंजिन, वर बऱ्यापैकी मोकळीक ठेवलेलं सॉफ्टवेअर आणि हौशी मालक असं तिहेरी जुळून आलं की लॅपटॉप घेऊन बसणारा माणूस दूर नसतो. १.५ टीएसआय इंजिन कंपनीतून १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन येतं. स्टेज वनची फाइल टाकली की टॉर्क तीनशेच्या पुढे सहज जातो. वरच्या गिअरमध्ये गाडी अशी काही ओढते की मालकाला आपण दुसरीच गाडी घेतल्यासारखं वाटतं. इथपर्यंत ठीक आहे.

या इंजिनामागे जो सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसतो त्याचं कारखान्यातलं नाव डीक्यू२००. २००८ साली आलेला, दोन कोरड्या क्लचचा. त्याची मंजूर टॉर्क क्षमता २५० न्यूटन-मीटर. म्हणजे चाकणच्या गेटमधून बाहेर पडतानाच तो गिअरबॉक्स आपल्या कागदावरच्या मर्यादेला टेकलेला असतो. ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्ये सहा गिअरचा डीक्यू२५० होता, तेलात बुडालेल्या क्लचचा. आरएस २४५ मध्ये त्याच्या पुढच्या पिढीचा सात गिअरचा, तोही ओल्या क्लचचा. बाहेरून पाहिलं तर सगळ्यांवर ‘डीएसजी’ एवढंच लिहिलेलं. लाँच कंट्रोलच्या बाबतीत मात्र कोरडा आणि ओला या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि गिऱ्हाईक हा प्रश्न क्वचितच विचारतं.

लाँच कंट्रोल म्हणजे ‘पॉवरचं बटण’ असा एक समज आहे. त्याने पॉवर वाढत नाही. गाडी उभी असताना इंजिन एका ठरलेल्या आरपीएमवर धरून ठेवायचं, टर्बोला थोडा दम भरू द्यायचा, आणि ब्रेक सुटला की क्लच घसरवत घसरवत ती ताकद चाकांपर्यंत पोचवायची. एवढाच तो खेळ. यातलं ‘घसरवत’ हे महत्त्वाचं. इंजिन ३२०० आरपीएमवर फिरतंय, चाकं शून्यावर आहेत. दोघांचा वेग जुळेपर्यंत मधे कुणीतरी घासलं जाणारच. ते काम क्लच करतो आणि त्या घासण्याची उष्णता त्याच्याच अंगावर पडते.

ढोबळ हिशेब मांडून बघू. ड्रायव्हर धरून गाडी १४०० किलोची. पहिल्या गिअरमध्ये ३२०० आरपीएमला तिचा वेग साधारण ताशी २२ किलोमीटर असतो. शून्यापासून त्या वेगापर्यंत जाताना क्लचमध्ये जी ऊर्जा उष्णता बनून जाते ती गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते. आकडा येतो सुमारे २६ किलोज्यूल. एका कटिंग चहाचं पाणी उकळीच्या बेतापर्यंत आणायला लागते तेवढी. फरक असा, की इथे ती सेकंदभरात आणि दोन पातळ कड्यांवर उतरते. आता ट्यूनरने ‘जरा जोरदार’ म्हणून लाँचचा आरपीएम ४५०० केला. आरपीएम वाढला चाळीस टक्के. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून उष्णता झाली जवळपास दुप्पट. डीक्यू२०० मध्ये एक, तीन, पाच, सात हे गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा, रिव्हर्स दुसऱ्यावर असतात. प्रत्येक लाँच पहिल्याच क्लचच्या वाट्याला येतं. हिंजवडीहून संध्याकाळी रांगत घरी येणारी गाडीही त्याच क्लचला रोज चटके देत असते, हेही लक्षात असू द्या.

असा जळलेला क्लच टेबलावर उघडा पडला की वेगळं निदान करावं लागत नाही. चकचकीत असायला हवी ती प्रेशर प्लेट निळी-जांभळी झालेली असते, जागोजागी गोल डाग आणि त्यांतून बारीक केसांसारख्या चिरा. अस्तराची काळी भुकटी बेलहाउसिंगभर. वास तर गाडी लिफ्टवर घेण्याआधीच येतो. गॅरेजमध्ये या वेळी ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “दादा, दोन-तीनदाच मारलं होतं लाँच.” दादा काही बोलत नाहीत, प्लेट उलटी करून दाखवतात.

पण केवळ उष्णतेवर हा विषय संपत नाही. खरी गोम वेगळी आहे आणि ती दिसत नाही.

या गाड्यांत दोन कॉम्प्युटर असतात. एक इंजिनाचा, ईसीयू. दुसरा गिअरबॉक्सचा, टीसीयू. ते तारेवरून एकमेकांशी सतत बोलत असतात आणि त्यांच्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा टॉर्कचा असतो. ईसीयू सांगतो, मी आत्ता अमुक इतका टॉर्क देतोय. टीसीयू त्या आकड्यावर विश्वास ठेवून क्लच किती दाबाने आवळायचा ते ठरवतो. गरजेपेक्षा फार जास्त दाब दिला तर गाडी हिसके देते, कमी दिला तर क्लच घसरतो. कारखान्यातून येताना हे दोघं एकमेकांना ओळखून असतात, त्यावर कॅलिब्रेशनचे महिने खर्ची पडलेले असतात.

आता इंजिनाची फाइल बदलली. टॉर्क तीनशेवर गेला. ईसीयूने हा आकडा खरा सांगितला तर टीसीयू म्हणतो, हे माझ्या मर्यादेबाहेर आहे, कमी कर. मग गाडी अपेक्षेइतकी पळत नाही आणि गिऱ्हाईक नाराज. यावर सरळ उपाय असा, की गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही नीट बदलायचं: दाब वाढवायचा, मर्यादा तपासून वर न्यायची, आणि त्या गिअरबॉक्सला मुळात हे झेपतं का ते पाहायचं. आळशी उपाय असा, की ईसीयूलाच खोटं बोलायला लावायचं. देतोय तीनशे, सांगतोय अडीचशे. टीसीयू समाधानी, गिऱ्हाईक समाधानी. बिचारा क्लच अडीचशेच्या दाबाने तीनशे धरायचा प्रयत्न करतो.

रोजच्या चालवण्यात हे खोटं बरेच दिवस खपून जातं, कारण पूर्ण टॉर्क लागतो कितीसा वेळ? लाँचमध्ये ते लगेच उघडं पडतं. आणि यातला सगळ्यांत वाईट भाग असा, की कोरड्या क्लचचं तापमान टीसीयू बहुतांशी हिशेबाने काढतो, आणि त्या हिशेबातही टॉर्कचा तोच आकडा जातो. म्हणजे क्लच खरोखर किती तापलाय हेही त्याला कमीच वाटतं. ‘गिअरबॉक्स गरम झालाय, थांबा’ ही सूचना जेव्हा यायला हवी तेव्हा येत नाही. संरक्षणासाठी ठेवलेला पहारेकरी आपणच आंधळा केलेला असतो. वर फ्लायव्हीलचा हिशेब आहेच. क्लच धरताना आरपीएम खाली ओढला गेला की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही त्याच क्षणी क्लचमधून जाते, त्यामुळे ताकद मोजणाऱ्या डायनोच्या कागदावर छापलेला टॉर्क हा लाँचमधला सर्वांत मोठा टॉर्क नसतो.

ही फक्त छोट्या गिअरबॉक्सची कहाणी नाही. २००७ साली निसानने जीटी-आर आणली तेव्हा तिच्या लाँच कंट्रोलची जगभर चर्चा झाली. त्यासाठी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा बंद करावी लागायची. अमेरिकेत काही मालकांचे गिअरबॉक्स तुटले, आणि ती यंत्रणा बंद असताना झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं कंपनीने सांगितल्यावर मोठा गदारोळ उठला. पुढे निसानने सॉफ्टवेअर बदललं आणि लाँचचा आरपीएम बराच खाली आणला. गंमत म्हणजे गाडीची वेळ काही ढासळली नाही. जास्त आरपीएम म्हणजे जास्त वेगवान सुटका हे गणित चारही चाकांना ताकद देणाऱ्या त्या राक्षसालाही लागू पडलं नाही. आपल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना ते कुठून लागणार? गाडी जोरात सुटली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि जादाचा टॉर्क टायर जाळण्यात जातो. टायर धरतो, सुटतो, परत धरतो, असा थरथराट सुरू झाला की पाय ताबडतोब उचलावा. ड्राइव्हशाफ्ट आणि इंजिन माउंटिंग तुटतात ती याच थरथराटात.

मॅन्युअल गाड्यांचं लाँच कंट्रोल, ज्याला आपल्याकडे ‘टू-स्टेप’ म्हणतात, ते आणखी रांगडं. क्लच दाबलेला असताना एक्सलरेटर पूर्ण दाबायचा आणि सॉफ्टवेअर ठरलेल्या आरपीएमला ठिणगी तोडत राहतं. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथे पेटतं. तोच तो फटाक्यांसारखा आवाज. पेट्रोल जळायची जागा सिलिंडर आहे; ते टर्बोच्या तोंडाशी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळलं तर कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिकची जाळी वितळून बसते. ठिणगी तोडण्याऐवजी उशिरा देऊन टर्बोत दाब भरायची दुसरी रीत आहे, तिच्यातही एक्झॉस्टचं तापमान झपाट्याने चढतं. त्यामुळे टू-स्टेप दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. चौकात मित्रांना ऐकवण्यासाठी मिनिटभर धरणारे लोक पाहिले की त्यांच्या टर्बोची कीव येते. क्लच सोडताना तर सगळा भार ड्युअल-मास फ्लायव्हीलवर एका झटक्यात पडतो. इथे घसरवण्याचं काम कॉम्प्युटर करत नाही, डावा पाय करतो.

मग ज्याला हे करायचंच आहे त्याने कसं करावं?

आधी जागा. सार्वजनिक रस्ता ही जागा नव्हे. रात्री दोनचा नवी मुंबईतला पाम बीच रोड नव्हे आणि नव्याने डांबर पडलेला, अजून न उघडलेला बायपासही नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचं जाऊ द्या. लाँचमध्ये गाडी सरळ जाईलच याची हमी नसते. ट्यून केलेल्या पुढच्या चाकांच्या गाडीत स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, एका चाकाखाली वाळू आली की गाडी दुसरीकडे जाते, आणि याच वेळी स्थिरता-नियंत्रण तुम्ही स्वतः बंद केलेलं असतं. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग स्पर्धा भरते. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन्ही बाजूंना माणसं नाहीत, पुढे थांबायला जागा आहे, रुग्णवाहिका उभी आहे, आणि हेल्मेटशिवाय कुणी रांगेत उभंही राहू देत नाही. हौस भागवायची ती अशा ठिकाणी.

ड्रॅगच्या वेळेबद्दल एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही, गाडीचं चाक सुरुवातीच्या किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. समोरासमोरच्या लढतीत उशीर महागात पडतो, पण फक्त वेळ नोंदवायची असेल तर हिरवा लागल्यावर शांतपणे आरपीएम स्थिर होऊ देऊन सुटलात तरी आकडा तोच येतो. म्हणजे दिवे लागायच्या आधीपासून इंजिन आणि क्लच ताणून धरायची काहीही गरज नाही.

गाडी पूर्ण गरम हवी. शीतकाचा काटा मधे आला म्हणजे गाडी गरम झाली असं होत नाही; इंजिन ऑइल ऐंशी अंशांवर असावं, आणि ओल्या क्लचच्या गाडीत गिअरबॉक्सचं तेलही. डीक्यू२५० चं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. ट्यून आणि लाँच दोन्ही करत असाल तर तितकी वाट पाहू नका. टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी, चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळलेले, फूटमॅट आणि पाण्याची बाटली गाडीबाहेर. पेडलखाली घरंगळत आलेली बाटली हा विनोदाचा विषय नाही. पेट्रोल फाइलमध्ये गृहीत धरलंय तेच. ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनसाठी लिहिलेली फाइल आणि टाकीत भलतंच काही, असं असेल तर एप्रिलच्या उन्हात गरम हवा ओढणारं इंजिन ठोकायला लागतं, आणि लाँचनंतरचा पहिला सेकंद त्याच्यासाठी सर्वांत वाईट असतो.

मग गिअर एसमध्ये, ट्रॅक्शन कंट्रोल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय तसं, स्टिअरिंग अगदी सरळ. डाव्या पायाने ब्रेक घट्ट, उजव्याने एक्सलरेटर एकदम तळापर्यंत. आरपीएम चढून स्थिर झाला की ब्रेक सोडायचा, तोही अर्धवट नाही, पूर्ण. अर्धा ब्रेक दाबून गाडी रेटणं म्हणजे क्लच मुद्दाम जाळणं. इंजिन रेव्ह घेत नसेल तर कुठली तरी अट पूर्ण झालेली नाही. पेडलवर थयथयाट करू नका, सोडून द्या. दोन लाँचच्या मधे गाडी उभी ठेवून चालत नाही. चार-पाच मिनिटं हलक्या पायाने चालवली की क्लचभोवती हवा फिरते. पॅनेलवर गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना आली की त्या दिवसाचा खेळ संपला. आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी स्थिरता-नियंत्रण पुन्हा चालू केलं का ते बघा. धावपट्टीवर सांभाळून राहिलेला माणूस घाट उतरताना ते विसरतो.

ब्रेक आणि एक्सलरेटर एकत्र दाबले तर इंजिनाने ताकद कमी करायची, अशी सुरक्षेची सोय आजच्या गाड्यांत असते. लाँचपुरती ती बाजूला ठेवली जाते. एखाद्या फाइलमध्ये ती कायमचीच काढून टाकली असेल तर ज्या दिवशी पेडल खरोखर अडकेल त्या दिवशी तुमच्या मदतीला काही नसेल. हे ट्यूनरला स्पष्ट विचारायला हवं.

कंपनीची बाजूही ऐकून ठेवा. इंजिन कॉम्प्युटरमध्ये किती वेळा सॉफ्टवेअर लिहिलं गेलं याची मोजदाद राहते, त्यामुळे सर्व्हिसिंगआधी मूळ फाइल परत टाकली की काही कळत नाही हा समज खोटा आहे. विमा कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. यात अन्याय काही नाही. अडीचशेच्या हमीने विकलेल्या गिअरबॉक्समधून तीनशे काढायचे आणि तो गेला की हमी मागायची, हे आपल्याच मनाला पटायला हवं.

माझं मत सरळ आहे. ओल्या क्लचच्या गाडीत, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकाच जाणत्या हाताने ट्यून केलेले असतील, आणि जागा बंदिस्त असेल, तर कमी आरपीएमवरचं लाँच कंट्रोल वापरायला हरकत नाही. कोरड्या क्लचच्या ट्यून केलेल्या गाडीत ते वापरूच नये. पहिले शंभर मीटर जरा मऊ सुटा, उरलेल्या तीनशेंत टर्बो आपलं काम करतो.

फाइल घेण्याआधी ट्यूनरकडे एक गोष्ट मागा: तुमच्याच गाडीचा लॉग. त्यात ईसीयूने सांगितलेला टॉर्क हवा, इंजिनाचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा वेग शेजारी शेजारी हवा, क्लचचं तापमान आणि इंजिन ठोकतंय का याचा रकाना हवा. चौथ्या गिअरमध्ये एक्सलरेटर पूर्ण दाबलेला असताना ते दोन वेग एकमेकांना चिकटून राहत नसतील तर क्लच आत्ताच घसरतोय, लाँच तर दूरची गोष्ट. आणि असा लॉग द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याला लाँच कंट्रोल बंद ठेवूनच फाइल द्यायला सांगा, किंवा गाडीची किल्ली परत मागा.